अ‍ॅश आणि एजी यांच्यात काय होतं

अ‍ॅश आणि एजी हे प्रेमिक होते आणि लेखिकेने ते उघडपणे काढायला, लिहायला हवं होतं, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आले. त्यावरून मित्रमैत्रिणींशी तासन्‌तास वाद घातले. जे कोणी 'ते दोघं फक्त चांगले मित्र होते' म्हणत, त्यांना मी एकेक प्रसंग पानासकट काढून दाखवत असे. आज मी तसं म्हणत नाही. पण 'फक्त मित्र' म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी गेलेली नाही. मी कुठे येऊन थांबले आहे ते सांगायचं तर आधी पुस्तकाबद्दल थोडं सांगायला हवं, आणि शेवटही सांगावा लागेल. तो टाळून या विषयावर काही बोलताच येत नाही.

'बनाना फिश' ही आकिमी योशिदा यांची जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या 'बेस्सात्सू शोजो कॉमिक' या मासिकात ती १९८५ ते १९९४ अशी नऊ वर्षं क्रमशः येत होती. पुढे तिचे १९ खंड झाले. शोजो म्हणजे मुलींसाठीचा मांगा. शाळकरी प्रेम, मोठाले पाणीदार डोळे, पानभर उमललेली फुलं अशी त्याची ओळख बहुतेकांच्या मनात असते. योशिदांनी त्याच मासिकात न्यूयॉर्कच्या गल्ल्या, टोळ्या, पिस्तुलं, माफिया आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेले उद्ध्वस्त सैनिक आणले. रेषा कोरडी, चेहरे साधे, मुली जवळजवळ नाहीतच. आणि तरीही शाळकरी मुलींनी ही कथा महिन्यामागून महिने वाचली.

कथेच्या मध्यभागी अ‍ॅश लिंक्स आहे. सतरा वर्षांचा, देखणा, विलक्षण बुद्धिमान, रस्त्यावरच्या पोरांच्या टोळीचा म्होरक्या. दिनो गोल्झिने या माफियाप्रमुखाने त्याला लहान वयात विकत घेतलं आणि वापरलं. त्याआधीही एका ओळखीच्या मोठ्या माणसाने त्याच्यावर अत्याचार केले होते आणि गावात कुणी त्याची बाजू घेतली नव्हती. अ‍ॅशचा मोठा भाऊ ग्रिफिन व्हिएतनाममध्ये एका अमली औषधाच्या अमलाखाली आपल्याच साथीदारांवर गोळ्या झाडतो आणि त्यानंतर 'बनाना फिश' एवढंच पुटपुटत राहतो. हे शब्द जे. डी. सॅलिंजर यांच्या १९४८ मधल्या एका कथेतले. त्या कथेतही युद्धावरून परतलेला एक माणूस आहे. त्या दोन शब्दांचा माग काढत अ‍ॅश चालला असताना जपानहून एक छायापत्रकार टोळ्यांवर वृत्तांत करायला येतो. त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून एजी ओकुमुरा असतो. एकोणीस वर्षांचा, इझुमोचा मुलगा, दुखापतीमुळे मागे पडलेला बांबूउडीचा खेळाडू. पुढचे सगळे खंड हे दोघं एकमेकांना वाचवत राहतात.

माझ्या जुन्या मताला आधार कमी नव्हते. तुरुंगातल्या भेटीत अ‍ॅश एजीचं चुंबन घेतो. एका रात्री, इतक्या माणसांना मारूनही आपल्याला काहीच वाटत नाही हे सांगताना तो कोसळतो आणि एजीला जवळ राहायला सांगतो, निदान आत्तापुरतं तरी. एजी म्हणतो, कायमचा राहीन. शेवटी एजी जखमी होऊन जपानला परतताना अ‍ॅशला जे पत्र पाठवतो, ते वाचून कुठल्याही वाचकाला प्रेमपत्रच आठवेल. शिवाय शोजो मांगात मुलामुलांचं प्रेम नवीन नव्हतं. मोतो हागिओ यांनी 'थॉमसचं हृदय' १९७४ मध्ये लिहिलं, केइको ताकेमिया यांनी 'वारा आणि झाडांचं गाणं' १९७६ मध्ये सुरू केलं. या दोघींनी मुलींच्या मासिकांत ते उघडउघड काढलं होतं. मग दहा वर्षांनंतर आलेल्या योशिदा मध्येच का थांबल्या? मी याला कचखाऊपणा म्हणत असे. चोरून, सूचक रेषांत सगळं सांगायचं आणि कुणी थेट विचारलं तर हात झटकायला जागा ठेवायची, असा माझा आरोप होता.

हा आरोप मी इतक्या पोटतिडकीने का करत होते, तेही सांगते. २०१८ मध्ये योशिदांच्या कारकिर्दीला चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने माप्पा या स्टुडिओने हिरोको उत्सुमी यांच्या दिग्दर्शनाखाली 'बनाना फिश'ची २४ भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन-मालिका केली. काळ पुढे आणला, व्हिएतनामच्या जागी इराक आलं, पोरांच्या हातात मोबाइल आले. जुलै ते डिसेंबर ती दर आठवड्याला येत होती. आणि त्याच सप्टेंबरच्या ६ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात निकाल दिला: प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध यापुढे कलम ३७७ खाली गुन्हा नाहीत. त्या आठवड्यात मी ज्यांच्याबरोबर हसले-रडले, त्यांतल्या कितीतरी जणांना घरातून वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवलं गेलं होतं: तो काय, तुझा मित्रच ना? वीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोन माणसांची ओळख लग्नाकार्यात 'हा ह्याचा मित्र' अशी करून दिली जाते. अशा वेळी 'मित्र' म्हणणं म्हणजे दार लावून घेणं असतं. म्हणून अ‍ॅश आणि एजीला कुणी मित्र म्हटलं की मला ते दार लावल्याचा आवाज ऐकू यायचा. तो राग खरा होता आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

माझं मत हलवलं ते एका मैत्रिणीने. तिचं नाव किंवा तिची हकिकत इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की लहानपणी तिच्या बाबतीत जे घडलं, ते अ‍ॅशच्या बाबतीत घडलेल्याच्या जातीचं होतं. माझ्याच आग्रहावरून तिने पुस्तक वाचायला घेतलं होतं. तिला सोसेल का, या काळजीने मी मध्येमध्ये विचारत होते. वाचून झाल्यावर मी सवयीने माझा मुद्दा मांडला: बघ ना, इतकं सगळं असून लेखिका त्यांना एकमेकांच्या कुशीत जाऊ देत नाही. ती म्हणाली, "मी तर तेवढ्यासाठीच वाचत होते. दर खंडाला भीती वाटायची, आता हाही त्याला हात लावणार. नाही लावला." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तुला जे कमी वाटतं ना, ते मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही."

मी त्यावर काहीच बोलले नाही. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मग मी पुन्हा पहिल्या खंडापासून वाचायला बसले आणि या वेळी पुरावे शोधत नव्हते.

पहिल्या भेटीचाच प्रसंग घ्या. एजी अ‍ॅशच्या कमरेचं पिस्तूल पाहतो आणि विचारतो: खरं आहे का? हातात घेऊन बघू? टोळीतली पोरं थक्क होतात, कारण अ‍ॅश आपलं पिस्तूल कुणाच्या हाती देत नाही. तो देतो. हा प्रसंग मी आधी कितीदा वाचला होता. आकर्षणाची पहिली ठिणगी म्हणून मी तो लोकांना दाखवायचे. आता मला दिसलं ते एजीचं विचारणं. या मुलाच्या आयुष्यात आजवर सगळ्यांनी सगळं न विचारता घेतलंय, त्याचं शरीर, झोप, नाव, भाऊ. समोर आलेला हा परदेशी पोरगा एक वस्तू हातात घ्यायलाही परवानगी मागतो. नऊ वर्षांच्या कथेची किल्ली योशिदांनी पहिल्याच भेटीत ठेवली होती आणि मी ती ओलांडून पुढच्या चुंबनाकडे धावत होते.

ते चुंबनही आता वेगळं वाचलं. त्यात अ‍ॅश तोंडातून एजीच्या तोंडात एक कॅप्सूल सरकवतो. तिच्यात बाहेर पोचवायचा निरोप आहे. तुरुंगात या देखण्या पोराकडे सगळे कोणत्या नजरेने बघतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या नजरेला हवं तेच दाखवून तो तिच्या आडून निरोप बाहेर काढतो. पुस्तकात इतरत्रही तो हेच करतो. बंदोबस्तातून सुटायचं असेल, पहारेकऱ्याला जवळ ओढायचं असेल, तर आपलं रूप तो हत्यारासारखं काढतो आणि काम झालं की म्यान करतो. संपूर्ण कथेत शरीराची भाषा ही एकतर त्याच्यावर केलेली जबरदस्ती आहे, नाहीतर त्याने इतरांसाठी लावलेला सापळा. अशा माणसाला लेखिकेने प्रेम दाखवण्यासाठी पुन्हा तीच भाषा द्यावी, हा माझा हट्ट होता.

आणि ज्यांना अ‍ॅशबद्दल प्रेम वाटतं असं ते स्वतः म्हणतात, त्यांच्याकडे बघा. गोल्झिनेची ओढ खोटी नाही. त्याला अ‍ॅश हवा आहे, वारस म्हणून हवा आहे, तो त्याला कायदेशीर दत्तकही घेतो. आणि त्या महालात अ‍ॅशच्या पोटात अन्न राहत नाही, तो खंगत जातो. ब्लांका, ज्याने त्याला लढायला शिकवलं, जो त्याला मनापासून जपतो, तोही शेवटी हेच सांगतो की एजीला दूर पाठव, तू त्याच्यासाठी धोका आहेस. युट-लुंग, अ‍ॅशसारखाच लहानपणी मोडलेला, एजीचा पराकोटीचा द्वेष करतो, कारण आपल्यासारख्याच दुसऱ्याला असा माणूस मिळाला आणि आपल्याला नाही. या सगळ्यांना अ‍ॅशकडून काहीतरी हवंय किंवा अ‍ॅशचं काय करायचं ते त्यांनी ठरवलंय. एजीला तो जिवंत हवा आहे. हिंसेच्या या जंगलात एजी अगदी निरुपयोगी आहे, नेम लागत नाही, भांडता येत नाही, सतत पकडला जातो. माझ्यासारखे वाचक यावर वैतागायचे. पण तो अ‍ॅशला सकाळी झोपेतून उठवतो (हे काम टोळीतलं कुणी करायला धजत नाही), त्याला नात्तो हा जपानी पदार्थ खायला घालतो, शेजारच्या बायकांशी गप्पा मारतो, अ‍ॅशला भोपळ्याची भीती वाटते हे कळल्यावर मनसोक्त चिडवतो. या पानांवर अ‍ॅश सतरा वर्षांचा दिसतो. एरवी कुठेच दिसत नाही.

हेमिंग्वेच्या किलिमांजारोच्या कथेतल्या बिबट्याबद्दल अ‍ॅश एकदा बोलतो. बर्फात इतक्या उंचावर तो कशासाठी गेला कोणास ठाऊक, पण परतायचं नाही हे त्याला माहीत असणार. आपणही मृत्यूचा विचार करतो तेव्हा तो बिबट्या आठवतो, असं तो सांगतो. एजी त्यावर म्हणतो की तू बिबट्या नाहीस, माणूस आहेस, नशीब बदलता येतं. मी या संवादावरून झरकन पुढे जायचे, कारण त्यात स्पर्श नव्हता, कटाक्ष नव्हता, माझ्या खटल्याला उपयोगी असं काही नव्हतं. आज मला तो पुस्तकातला सर्वांत जवळिकीचा क्षण वाटतो. गोल्झिनेच्या घरात ज्याला माणसासारखं वागवलं नाही, रस्त्यावर ज्याच्या नावापुढे लिंक्स हे रानमांजराचं नाव लागलं, त्याला कुणीतरी तू माणूस आहेस असं सांगतंय, आणि ते सांगताना त्याला काही नकोय.

मग ते फक्त मित्र होते का? इथेच मला दुसऱ्या बाजूशीही भांडावं लागतं. मुख्य कथा संपल्यावर योशिदांनी 'प्रकाशाची बाग' ही पुरवणी-कथा लिहिली. सात वर्षं उलटली आहेत. एजी पुन्हा न्यूयॉर्कमध्ये येऊन राहतो आहे, छायाचित्रकार झाला आहे, केस वाढलेत, चष्मा लागलाय. अ‍ॅशचे त्याने काढलेले फोटो बंद करून ठेवलेले आहेत. ते बाहेर काढायचं बळ त्याच्यात नाही. चायनाटाउनमधला सिंग, जो तेव्हा लहान होता आणि आता उंच झालाय, त्याच्याभोवती काळजीने वावरतो. जपानहून आलेली आकिरा नावाची लहान मुलगी काही न कळून बघत राहते, आणि सिंग तिला समजावतो की त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, जोडीदारांसारखं, पण त्यात शरीरसंबंध नव्हता. लेखिकेने हे पात्राच्या तोंडून स्वच्छ सांगितलंय. म्हणजे ज्या कचखाऊपणाचा मी आरोप करत होते, तो नव्हताच. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. मला ते पुरेसं वाटत नव्हतं, इतकंच. एजीचं ते दुःख जोडीदार गेलेल्या माणसाचं दुःख आहे. सात वर्षांनीही ते ओसरलेलं नाही. हे पाहून जो कोणी 'फक्त' हा शब्द वापरतो, त्याने प्रेमाची उतरंड आधीच लावून ठेवलेली असते, वर प्रणय आणि खाली मैत्री. माझीही तीच उतरंड होती. अ‍ॅश-एजीला वरच्या पायरीवर चढवण्यासाठी मी भांडत होते, समोरचे त्यांना खालच्या पायरीवर बसवत होते, आणि पायऱ्या खऱ्या आहेत यावर आमचं एकमत होतं.

योशिदांचं पुढचं काम वाचलं तेव्हा हे आणखी पटलं. 'उमिमाची डायरी' ही त्यांची २००६ पासून २०१८ पर्यंत चाललेली मालिका कामाकुरातल्या चार बहिणींची आहे. हिरोकाझु कोरेएदा यांनी २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. वडील गेल्यावर तीन बहिणी आपल्या सावत्र, जवळजवळ अनोळखी धाकटीला घरी घेऊन येतात. त्यांतल्या मोठ्यांची प्रेमप्रकरणं आहेत, येतात आणि जातात. कथेचा कणा मात्र एका घरात कोण कुणासाठी जागा करतं हाच राहतो. तिथे एकाही समीक्षकाने लेखिका कचरली असं म्हटलेलं मी वाचलं नाही. बहिणींचं प्रेम आपल्याला पूर्ण वाटतं. दोन तरुण मुलगे आले की आपण पुराव्याला लागतो.

तरीही एक गोष्ट माझ्या गळी उतरत नाही, आणि मत बदललं म्हणून ती मी झाकणार नाही. 'बनाना फिश'मध्ये ज्या पुरुषांना पुरुषांबद्दल शारीरिक इच्छा आहे, ते जवळपास सगळे अत्याचारी आहेत. ही कथा येत होती ती वर्षं न्यूयॉर्कमध्ये एड्सने माणसं मरण्याची वर्षं होती. त्या शहरात समलिंगी पुरुष एकमेकांची शुश्रूषा करत होते, मित्रांना खांदा देत होते, सरकारच्या दारात ठाण मांडून औषधं मागत होते. त्या शहराच्या नावाने घडणाऱ्या या एकोणीस खंडांत त्यांतला एकही साधा, प्रेमळ माणूस ठसठशीतपणे येत नाही. अ‍ॅश आणि एजीचं नातं शरीराशिवाय उभं राहतं ते या पार्श्वभूमीवर, आणि त्यामुळे शरीर म्हणजेच घाण असा अर्थ काढायला जागा राहते. माझ्या ज्या मित्रांना हे पुस्तक दुखावतं, त्यांना मी माझ्या मैत्रिणीचं वाक्य ऐकवून गप्प करणार नाही. तिचा अनुभव खरा आहे आणि त्यांचाही. योशिदांनी निदान एक समलिंगी जोडपं सुखाने नांदताना काढलं असतं, तर अ‍ॅश-एजीचं न शिवणं आणखी उजळून दिसलं असतं, असं मला वाटतं.

आणि राहिला शेवट. सिंगने आणून दिलेलं एजीचं पत्र अ‍ॅश सार्वजनिक ग्रंथालयात वाचतो, विमानतळाकडे धावत सुटतो, आणि वाटेत सिंगचा भाऊ लाओ गैरसमजातून त्याच्या पोटात सुरा खुपसतो. अ‍ॅश दवाखान्यात जात नाही. ग्रंथालयात परततो आणि पत्र समोर ठेवून मेजावर डोकं टेकतो. जुनं मत होतं तेव्हा या मृत्यूचं स्पष्टीकरण मला सोपं होतं: दोघांना एकत्र आणायचं धाडस नाही, म्हणून एकाला मारलं. आता ते स्पष्टीकरण माझ्या हातून गेलं आणि मृत्यू जास्तच खटकायला लागला. या प्रेमाला ना लग्न हवं होतं, ना शय्या, ना कुणाची मान्यता. त्याला एक विमानाचं तिकीट आणि इझुमोतलं एक साधं घर पुरलं असतं. मग तू बिबट्या नाहीस असं सांगणाऱ्या मुलाला लेखिकेने खोटं का पाडलं?

मैत्रीण म्हणते, खोटं पाडलं नाही. जन्मात पहिल्यांदा अ‍ॅशने स्वतःच्या मर्जीने काही ठरवलं, कुठे आणि कशाजवळ थांबायचं ते. मी म्हणते, दवाखान्यात जाता येत असताना सतरा-अठरा वर्षांच्या पोराने थांबायचं ठरवणं याला मर्जी म्हणायची माझी तयारी नाही. ती म्हणते, तुला अजूनही त्याच्यासाठी काहीतरी ठरवायचं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण मी माघारही घेतलेली नाही. त्याने धावायला हवं होतं.